व्हॉल्व्हच्या जुन्या टीव्हीसाठी पीसीएल ८०५ आणि एलओटी यांना पर्याय हवे आहेत

नमस्कार.

मामांच्या घरातला १९७०च्या दशकातला एक कृष्णधवल टीव्ही मी दुरुस्त करतो आहे. लाकडी शटरची पेटी, आत काही भाग व्हॉल्व्हवर आणि काही ट्रान्झिस्टरवर चालणारा, असा तो संच आहे. पिक्चर ट्यूब अजून चांगला उजेड देते. म्हणूनच हा संच भंगारात जाऊ नये, किंवा आतले सगळे काढून पेटीत नवा पडदा बसवला जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली सर्किटची आकृती कसरीने खाल्ली आहे, त्यामुळे पुढची माहिती मी तारा आणि जोडण्या शोधत जमवली आहे.

मुख्य अडचण व्हर्टिकल विभागात, म्हणजे चित्र उभ्या दिशेने पसरवणाऱ्या भागात आहे. चित्राचा खालचा भाग आकसत होता आणि तळाशी दुमडत होता. या विभागातला पीसीएल ८०५ हा ट्रायोड आणि पेंटोड असे दोन भाग एकत्र असलेला व्हॉल्व्ह आहे. त्याच्या पेंटोडच्या ग्रिडवर ऋण व्होल्टेज असायला हवे, तिथे मीटरवर धन व्होल्टेज दिसले. म्हणजे ट्रायोडकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळत होता. तो कागदी कंडेन्सर काढून त्याच मूल्याचा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर लावला, कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिकही बदलला. दुमड गेली, परंतु संच गरम झाला की चित्र अजूनही खालून हळूहळू वर सरकते. गळक्या कंडेन्सरमुळे व्हॉल्व्हमधून दीर्घकाळ जास्त प्रवाह वाहून त्याचे इमिशन (कॅथोडची इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता) उतरले असावे, असे मला वाटते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारले, तिथे पीसीएल ८०५ मिळाला नाही. पीसीएल ८५ किंवा अमेरिकन क्रमांकाचा १८जीव्ही८ थेट चालतो हे मला माहीत आहे, त्यामुळे त्यांपैकी कोणताही चालेल. ईसीएल ८५ मात्र एका ठिकाणी शिल्लक आहे. त्याची आतली रचना आणि पिनांचा क्रम तोच आहे, पण हीटर ६.३ व्होल्ट आणि ०.९ अँपिअरचा आहे, आणि या संचातले सगळे हीटर ३०० मिलिअँपिअरच्या एकाच मालिकेत जोडलेले आहेत. तो जसाच्या तसा लावला तर पेटणारच नाही. म्हणून त्या हीटरला ६.३ व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यावा, त्याच्या सेकंडरीचे एक टोक चासिसला जोडावे आणि मालिकेतल्या रिकाम्या जागी रेझिस्टर घालावा, असा माझा विचार आहे. १८ व्होल्टला ०.३ अँपिअरने भागले की ६० ओहम येतात. त्यात सुमारे साडेपाच वॉट उष्णता निर्माण होईल, म्हणून १५ वॉटचा वायरवाउंड घेईन. असा बदल कोणी करून पाहिला आहे का? संच सुरू होताना थंड मालिकेतून जो जास्त प्रवाह वाहतो, त्याचा इतर हीटरांवर या रेझिस्टरमुळे काही परिणाम होतो का, हे विशेष करून जाणून घ्यायचे आहे.

एलओटी (पिक्चर ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) अजून काम करतो. त्याला चालवणाऱ्या पीएल ५०४ या व्हॉल्व्हची प्लेट लाल होत नाही, रुंदीही पुरेशी आहे. तरीही एलओटीच्या गुंडाळीवरचे मेण वितळून ओघळले आहे आणि हवा दमट असली की बारीक निळ्या ठिणग्या दिसतात. तो पूर्ण जाण्याआधी ईएचटीची (अतिउच्च व्होल्टेजची) गुंडाळी नव्याने करून देणारा कारागीर महाराष्ट्रात कुठे आहे का? नसल्यास जुन्या गुंडाळीवर नवा लेप देण्यासाठी कोणते द्रव्य वापरावे? ईएचटीचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह डीवाय ८०२ याच्या जागी ईएचटी स्टिक (अर्धवाहक रेक्टिफायर) बसवण्याचा सल्ला मला मिळाला होता, परंतु डीवाय ८०२ चांगला आहे, त्यामुळे तो बदल मला सध्या अनावश्यक वाटतो.

वीजपुरवठ्याचा भाग मार्गी लागला आहे. मूळ कंडेन्सरांचा डबा ३५० व्होल्टचा होता. मेन्स २५० व्होल्टपर्यंत चढली, की हीटर गरम होऊन प्रवाह ओढू लागेपर्यंत बीवाय १२७ या रेक्टिफायर डायोडमागे ३५३ व्होल्ट साठतात, म्हणून ४५० व्होल्टचे सुटे कंडेन्सर चासिसखाली बसवले. डबा केवळ जागेवर ठेवला आहे, जोडण्या काढल्या आहेत. चासिस मेन्सला थेट जोडलेले असल्याने सगळे काम आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालते.

शिवाय ट्यूनर फक्त व्हीएचएफचा आहे. ध्वनी आणि चित्र यांच्या वाहक लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवणारा, व्हीएचएफवर चालणारा मॉड्युलेटर (चित्र-ध्वनीचे संकेत टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारा) कोणाकडे पडून असेल तर योग्य किंमत देऊन घेईन.

पीसीएल ८०५ देऊ इच्छिणाऱ्यांनी तो वापरलेला आहे की नवा, आणि शक्य असल्यास त्याचे इमिशन तपासले आहे का, हे कृपया लिहावे. खोक्यात पडून राहिलेला, न तपासलेला व्हॉल्व्हही मी घेईन.