वडिलांच्या पायाच्या नसेत ब्लॉक, स्टेंट लगेच टाकावा का थांबावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचे अण्णा, वय 66, आधी पावरलूमवर होते, बिडी पूर्वीपासून आणि शुगर पण आहे. दिवाळीपासून चालताना डाव्या पोटरीत गोळा येतोय, घरापासून कन्ना चौकापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये थांबावं लागतं, दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की जातो, परत चालले की परत येतो. मणक्याचा एक्सरे झाला, गोळ्या झाल्या, फरक शून्य. मग एका फिजिशियननी पायाची नाडी हाताने बघितली आणि डॉपलर, म्हणजे नसांची सोनोग्राफी, करायला लावला. डाव्या पायाचा एबीआय (घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी) 0.58 आलाय, म्हणजे कमी. सीटी अँजिओत मांडीतली मोठी नस गुडघ्याच्या वर बऱ्यापैकी लांब बंद आहे, पण बाजूच्या बारीक नसांमधून रक्त खाली जातंय असं लिहिलंय.

आता खरा घोळ. इथल्या एका हॉस्पिटलात सांगितलं की याच आठवड्यात अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाका, नाहीतर उद्या पाय कापायची वेळ येईल. रिपोर्ट पुण्याला दाखवले तर तिथले व्हॅस्क्युलर सर्जन म्हणाले जखम नाही, रात्री दुखत नाही, मग घाई कशाला, बिडी बंद करा, गोळ्या घ्या, तीन महिने चालवा मग बघू. दाजी म्हणतात हार्टला स्टेंट टाकतात तसंच आहे, उरकून टाका. आई तर पाय कापायचं ऐकल्यापासून जेवेना झालीय. कुणी यातून गेलंय का? आणि ज्या चालण्याने दुखतंय तेच चालणं औषध कसं काय, हे अण्णांना समजावून सांगायचं कसं तेही सांगा.

पूर्वभाग_सोलापूर:
दादा, मी कॅथलॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्या हिशोबाने वाचा. हार्टचा स्टेंट आणि मांडीतला स्टेंट एक नाही. मांडीतली नस चालताना, मांडी घालून बसताना वळते, दाबली जाते, ताणली जाते, म्हणून तिथे निटिनॉल नावाच्या लवचिक धातूचा आपोआप उघडणारा स्टेंट वापरतात, तरी लांब ब्लॉकमध्ये तो वर्ष-दोन वर्षांत आतून परत बंद व्हायचं प्रमाण बरंच असतं, कधी मोडतो पण. कमरेजवळच्या मोठ्या नसेत, म्हणजे इलियाकमध्ये, स्टेंट छान टिकतो. गुडघ्याच्या मागे सहसा टाळतात, तिथे नुसत्या फुग्याने नस रुंद करून भागवतात. औषध लावलेला फुगा पण असतो, पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाचा. 2018 ला त्याने मृत्यू वाढतात अशी शंका निघाली होती, पण नंतरचा डेटा बघून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी संस्था) 2023 मध्ये तसा वाढीव धोका दिसत नाही असं सांगितलं.
फक्त चालताना दुखतंय अशा पेशंटमध्ये पाय कापायची वेळ थोड्याच जणांवर येते. बिडी आणि शुगर असेल तर धोका वाढतो हे खरं, पण त्यावर उतारा बिडी बंद हाच आहे. बिडी चालू ठेवून स्टेंट टाकणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

कडकभाकरी:
माझ्या सासूबाईंची केस वेगळी होती, अंगठ्याला जखम, भरतच नव्हती, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसायच्या. तिथे थांबण्यात अर्थच नव्हता. पायातलीच शीर (रक्त हृदयाकडे परत नेणारी) काढून ब्लॉकला वळसा घालून जोडली, म्हणजे बायपास केला, कारण शीर चांगली होती. अशा केसमध्ये शीर चांगली असेल तर बायपासचा रिझल्ट सरस येतो असं 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात निघालंय, त्यांच्या सर्जननीच सांगितलं. तेव्हा स्टेंट का बायपास हे जखमेवर, ब्लॉक कुठे आहे त्यावर आणि शीर कशी आहे त्यावर ठरतं, दाजींवर नाही 😀
चालण्याचं असं, दुखायला लागलं की लगेच थांबायचं नाही, बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, गेलं की परत. असं मिळून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतात, अंतर वाढतं. आपल्याकडच्या उन्हात सकाळी सहालाच निघा, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला थांबायला जागा पण मिळते. आणि अनवाणी अजिबात नको, देवळात गेले तरी आल्यावर तळवे बघा, शुगरवाल्याला काटा रुतलेला कळत नाही.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. अण्णांना वाचून दाखवलं, दुखेपर्यंत चालायचं म्हटल्यावर हसले, म्हणे मागावर बारा-बारा तास उभा होतो, हे काय अवघड. बिडीवर मात्र गप्प. पुण्याच्या डॉक्टरांनी एकोस्प्रिन, एटोरव्हास्टॅटिन आणि सिलोस्टाझॉल दिलीय. किडनीचं क्रिएटिनिन 1.6 आहे, म्हणजे वाढलेलं, त्याचं काही?

पूर्वभाग_सोलापूर:
सिलोस्टाझॉल हार्ट फेल्युअर असेल तर चालत नाही, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) झाला नसेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला डोकं दुखणं, धडधड, जुलाब होतात काहींना. क्रिएटिनिन वाढलेलं असताना अँजिओचा डाय किडनीवर लोड देतो, म्हणून पुढे अँजिओप्लास्टी ठरली तर हे आधी सांगा, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही. शुगरमुळे नसा कडक झाल्या असतील तर एबीआय खोटा चांगला दिसतो, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजून मिळतं का विचारा. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत (सरकारी मोफत उपचार योजना) बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जाऊन आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.
आणि पाय अचानक गार, पांढरा पडला, बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हा तासांचा हिशोब असतो, रात्री दोन वाजले तरी निघायचं.

कडकभाकरी:
बिडीसाठी सिव्हिलला तंबाखूमुक्तीचं विचारून बघा. आमच्याकडे सासरेबुवांनी नातवासमोर बंडल फेकलं, पण नातू शाळेत गेला की दुसरं निघायचं, तेव्हा खिसे तपासायचं काम आईंकडेच द्या.