‘वॉश’ लाइटला मराठीत काय म्हणाल?

यादीवाला
नमस्कार मंडळी. आमच्या हौशी संस्थेची एकांकिका आहे आणि भाड्याने आणायच्या सामानाची यादी माझ्या गळ्यात पडली आहे. कार्यकारिणीतल्या एका काकांचा हट्ट असा की यादी पूर्ण मराठीत हवी. ‘स्पॉट’ला झोत लिहिलं, कुणी काही बोललं नाही. गाडी ‘एलईडी वॉश, १२ नग’पाशी अडली. मोबाइलला विचारलं तर त्याने ‘धुलाई दिवे’ असं सांगितलं. परवाच्या तालमीपासून दिग्दर्शक ‘धुलाई थोडी चढव रे’ म्हणायला लागलेत, तेव्हा लवकर काहीतरी सुचवा.

विंगेतला
धुलाई राहू द्या, ऐकायला छान वाटते! पण इथला ‘वॉश’ कपड्यांच्या वॉशपेक्षा चित्रकारांच्या वॉशला जवळचा आहे. जलरंगात आभाळ रंगवताना भरपूर पाण्यातला रंग सलग, पातळ पसरवतात ना, तसा. झोताला काठ असतो, वॉशला काठ दिसता कामा नये. शेजारशेजारच्या दिव्यांचे उजेड एकमेकांत असे मिसळायला हवेत की नट डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याच्या चेहऱ्यावर मध्येच सावली येऊ नये. अशी सावली आली की आम्ही ‘खड्डा पडला’ म्हणतो. मुंबईकरांना हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी वॉश ही वस्तूच नव्हती, ते काम होतं. समोरच्या बारवर (दिवे टांगायच्या आडव्या नळीवर) सात-आठ फ्रेनेल, म्हणजे मऊ उजेडाचे भिंगवाले दिवे, मागून डब्यासारखे पार कॅन, त्यांच्या तोंडावर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, आणि मग शिडीवर चढून एकेक दिवा हाताने सरकवत वॉश ‘काढायचा’. आता डब्यालाच वॉश म्हणतात. फोन करायचा, ‘बारा वॉश आणि चार पार टाक टेम्पोत.’ क्रियेचं नाम झालं आणि नामाचा नग.

मुळाक्षरे
जिलेटिनही तसंच की! मुळात ते खरोखर जिलेटिनचं असायचं, आता कित्येक वर्षं प्लास्टिकचं असतं, तरी नाव तेच. ‘पार’चं काय?

विंगेतला
पार म्हणजे आत अन्वस्त आकाराचा, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला आरसा असलेला बल्ब. पार ६४ मधला ६४ हा आकडा एक अष्टमांश इंचांचा, म्हणजे व्यास ८ इंच. एलईडी पारमध्ये तो बल्बही नाही आणि तो आरसाही नाही. ‘५४ बाय ३’ मागितला की ३ वॉटचे ५४ ठिपके असलेला गोल डबा मिळतो. पार फक्त नावापुरता उरलाय.

मुळाक्षरे
मग मूळ प्रश्नाकडे येतो. पहिलं सुचतं ते ‘प्रकाशात न्हाऊन निघणे’. वॉशचा परिणाम यात चपखल बसतो, पण त्यावरून नाम पाडायला गेलं की ‘न्हाणदिवे’ होतात आणि आपण पुन्हा धुलाईच्याच वाटेवर.

उजेडाच्या आकारांना मराठीत शब्द कमी नाहीत. झोत आहे. तिरपी, सडपातळ किरणांची ती तिरीप. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा. दिव्यात नक्षीची पत्र्याची चकती घालून मंचावर खिडकी किंवा पानं पाडतात, त्याला कवडसा हाच शब्द हवा असं माझं ठाम मत आहे. पण हे सगळे काठ असलेले उजेड. बिनकाठाच्या उजेडाला आपण नुसतं ‘उजेड’ म्हणतो, फार तर ‘लख्ख’ जोडतो. रंगापुरतं बोलायचं तर ‘झाक’ आहे, निळसर झाक, केशरी झाक. आणि माझा आवडता शब्द ‘हात’. भिंतीला चुन्याचा एक हात, दाराला रंगाचे दोन हात.

विंगेतला
‘हात’ एकदम पटला. ‘सायकवर (मंचामागच्या मोठ्या पडद्यावर) निळ्याचा एक हात दे, वर अंबरची, म्हणजे पिवळट केशरी, झाक’ असं लाइट बोर्डवरच्या मुलाला सांगितलं तर त्याला विचारावं लागणार नाही. पण यादीत ‘हात, १२ नग’ लिहिलंत तर भाड्याने माणसं येतील.

झाकेवरून आठवलं. उपनगरातल्या एका सभागृहात एकांकिकेच्या शेवटी दिग्दर्शकाला लालभडक हवं होतं. सगळे एलईडी फक्त लालवर, पूर्ण. आईचं काम करणारी बाई गडद हिरव्या नऊवारीत. लाल चढला आणि लुगडं काळं ठिक्कर पडलं. मागे काळा पडदा, त्यामुळे एक चेहरा आणि दोन हात तेवढे हवेत तरंगताना दिसत होते. प्रसंग गंभीर, पहिल्या रांगेतलं पोरगं मात्र खुदकन हसलं. एलईडीचा लाल फारच निवडक असतो, त्यात हिरव्या कापडाने परत पाठवावं असं काही नसतंच. लाल जिलेटिनमधून बाकीचा उजेड थोडाफार झिरपायचा, तो सांभाळून घ्यायचा. दुसऱ्या प्रयोगाला पांढरा आणि अंबर थोडा मिसळला आणि लुगडं परत आलं. म्हणून यादीत ‘वॉश’ एवढंच न लिहिता आत कोणते रंग आहेत ते लिहा. नुसता लाल-हिरवा-निळा असेल तर त्यातून काढलेल्या पांढऱ्याखाली चेहरे आजारी दिसतात.

परळची
मी दिवेवाली नाही, संहितेची मुद्रितं तपासते. क्रियापदाबद्दल बोलू का? संहितेत ‘प्रकाश मालवतो’ असं असायचं, हल्ली ‘लाइट ऑफ’ येतं. मी ते परत ‘मालवतो’ करते. चूक करते का?

विंगेतला
दिवा कोणता त्यावर आहे! हॅलोजनची तार निवत जाते, आधी पिवळी, मग लालसर, मग गुडूप. तो खरोखर मालवतो. साधा एलईडी खाली येताना शेवटच्या चार-पाच पायऱ्या धडधडत उतरतो आणि बंद होतो. बोर्डाकडून दिव्याला हुकूम जातो त्या डीएमएक्सच्या एका चॅनेलवर शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात, आणि अंधाराजवळ डोळ्याला प्रत्येक पायरी कळते. मंदाईला दोन चॅनेल देणारे डबे असतात, ते जवळजवळ मालवतात. तुम्ही ‘मालवतो’च ठेवा, तसा दिवा आणणं आमचं काम.

परळची
‘मंदाई’ हा शब्द आत्ता बनवलात की चालतो?

विंगेतला
आत्ताच टाइप करताना झाला. बोर्डावर आम्ही डिमरच म्हणतो.

यादीवाला
सगळ्यांचे आभार. काकांना विचारून असं लिहिलं: ‘पसरट उजेडाचे एलईडी दिवे (वॉश), पांढरा आणि अंबर असलेले, १२ नग.’ काकांनी कंस ठेवू दिला. लाइटवाल्याने यादी फोनवर वाचून घेतली, पसरटपाशी थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे वॉश ना?’