मदत हवी आहे: महिन्याचा खर्च आणखी कुठे कमी करता येईल?

नमस्कार. आम्ही पुण्यात धायरीला भाड्याने राहतो. दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकांनी भाडं दहा टक्क्यांनी वाढवलं. पगार मात्र जागच्या जागी!

हॉटेल बंद केलं, दोन ओटीटी बंद केले. विजेचं बिल नीट वाचलं तेव्हा कळलं, की महावितरणचा १०० युनिटपर्यंतचा दर कमी आहे आणि त्यापुढच्या युनिटांना तो बराच चढतो. आमचे १३०-१४० होतात. गीझर दहा मिनिटांत बंद करायचा नियम केलाय, पण मोठा मुलगा बाथरूममध्ये गेला की विसरतो.

खरी अडचण किराणा आणि भाजीची. मार्केट यार्डात भाजी स्वस्त मिळते, पण रिक्षा केली की वाचलेले पैसे तिथेच जातात, आणि पाच किलो टोमॅटो पाच जणांत संपत नाहीत. इमारतीतल्या तीन-चार घरांनी मिळून आणलं तर? कुणी असं केलंय का? वाटणीवरून कुरबुरी होतात का, खरं सांगा. वर्षाचे गहू-तांदूळ उन्हाळ्यात एकदम भरणं अजून परवडतं का? भाड्याच्या घरात कोठी ठेवायला जागा नाही, म्हणून विचारते.

ह्यांना बाइकऐवजी पीएमपीचा मासिक पास काढा म्हटलं, तर स्वारगेटला बस बदलण्यात तास जातो म्हणतात. धायरी ते हडपसर रोज बसने जाणारं कुणी आहे का?

चहा सोडा, एवढं मात्र सांगू नका. सासूबाई ऐकणार नाहीत.