नवीन ३९० ड्यूक: म्हणायची नेकेड आणि अंगभर प्लास्टिक?

घाटवेडा
११ सप्टेंबर २०२३ला केटीएमची नवीन ३९० ड्यूक आली. शनिवारी शोरूममध्ये तासभर गाडीभोवती घिरट्या घातल्या. सेल्समन दोनदा पाणी विचारून गेला. तरी जीव काही जडला नाही.

नेकेड गाडीत इंजिन, चेसिस, पाइप सगळं उघडं दिसायला हवं. २०१३ची पहिली ३९० आठवा. १.८० लाखात आलेली हडकुळी पोरगी, नारिंगी जाळीची चेसिस लांबून ओळखू यायची. २०१७ला हेडलाइट दुभंगला, टाकी फुगली, सायलेन्सर पोटाखालून निघून बाजूला आला, पण अंगकाठी शाबूत होती. आता टाकीच्या दोन्ही बाजूंना असे पंख काढलेत की ते फोर्कच्याही (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्याही) पुढे जातात. बाजूनं बघा, पुढून पैलवान आणि मागून काडी. त्यावर आपल्याकडचं साडीगार्ड आणि नंबरप्लेटची ती लांब पट्टी! साल्झबुर्गजवळच्या किस्का स्टुडिओत चित्र काढणाऱ्यांना ही पट्टी कोणी दाखवत नसावं.

किंमत २०२३मध्ये ३.११ लाख एक्स-शोरूम. ट्रायम्फची स्पीड ४००ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातलीच, ती तेव्हा २.३३ लाखात मिळायची. ती बघून आमचे आजोबासुद्धा 'छान आहे रे गाडी' म्हणाले.

पिस्टनराव
आजोबांना आवडली म्हणजे ड्यूक नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

घाटवेड्या, तासभर घिरट्या घातल्यास, चालवलीस का? इंजिन नवं आहे. ३७३ सीसीचं ३९९ झालंय. बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६०चा ६४ केलाय. ताकद ४३.५ वरून ४६ पीएस (अश्वशक्तीच म्हणा), टॉर्क (ओढण्याचा जोर) ३७ वरून ३९ एनएम. कागदावर किरकोळ वाटतं. जुनीचा सगळा जीव वरच्या आरपीएममध्ये, खाली ती कुरकुरत राहायची. नवीन मी पाषाण-सूस रस्त्यावर तिसऱ्यात रमतगमत नेली आणि तिथूनच पिळली, गिअर न पाडता उचलली. दहा वर्षं तेच इंजिन चालवल्यावर बदललंय, आणि आपण इथे प्लास्टिक मोजतोय.

घाटवेडा
इंजिनाला मी कुठे नावं ठेवली? इतकं चांगलं इंजिन झाकलं कशाला, हेच तर विचारतोय.

तीन_हप्ते_बाकी
माझा वेगळाच प्रश्न. ४६ पीएस चालवायची कुठे? एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. उरला जुना हायवे, तिथे ट्रकमागून ट्रक. ट्रॅक मोडमध्ये लॉन्च कंट्रोल (जागेवरून झपकन सुटायची सोय) दिलंय म्हणे! सिग्नल सुटल्यावर तुम्ही ट्रॅक मोड शोधेपर्यंत मागे पिझ्झ्याची पेटी बांधलेला पोरगा पुढच्या चौकात असतो.

त्याच दिवशी नवीन २५० ड्यूक पण आली, २.३९ लाखात. ३१ पीएस, नवी चेसिस, तोच बाजूला सरकवलेला मागचा शॉकअप, पंखही कमी. वरचे सत्तर हजार हेल्मेट-जॅकेटला घाला.

पिस्टनराव
२०२३च्या २५०ला साधा एलसीडी पडदा, ३९०ला ५ इंची रंगीत टीएफटी. ३९०चं पुढचं सस्पेन्शन कॉम्प्रेशन-रिबाउंड (दबणं-उसळणं) दोन्हीकडून जुळवता येतं, मागचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) आणि रिबाउंड. ते सत्तर हजार तिथे गेलेत.

तीन_हप्ते_बाकी
आणि किती जण ते जुळवायचे क्लिक फिरवणार? गल्लीतल्या ३९०वाल्याला विचारलं तर म्हणाला, 'दादा, पहिल्या सर्व्हिसला त्यांनीच काय ते केलं असेल.'

पिस्टनराव
हे मात्र खरं आहे.

ओतकाम_चाकण
मी ओतीव भागांच्या धंद्यात आहे, गाड्यांच्या नाही, म्हणून दिसण्यावर बोलत नाही. पण मागच्या बाजूला 'काडी' म्हणून सोडून देऊ नका. तिथली सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) आता पोलादी नळ्यांची नाही, अ‍ॅल्युमिनियमची प्रेशर डाय कास्ट (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबानं ओतलेली) आहे. इतका लांब, पातळ भाग ओतताना न वाकू देणं म्हणजे काय, ते डाय दुरुस्त करत बसणाऱ्याला विचारा.

शॉकअप उजवीकडे सरकवलाय त्यालाही लोक नावं ठेवतायत. 'मोडलीय का हो गाडी?' असं एकानं विचारलेलं मी कानांनी ऐकलं. शॉकअप मधून हलला म्हणून तिथे मोठा एअरबॉक्स बसला, म्हणजे इंजिनाला जास्त हवा. सीटही खाली आली. त्याला जागा द्यायला स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वाकवलाय. पोटातलं एक आतडं हलवलं की बाकीची सरकतात, तसं आहे हे.

घाटवेडा
एअरबॉक्सचं माहीत नव्हतं, पटलं. पण शॉकअप असा बाहेर काढायचा आणि गाडी पावसाळ्यात ताम्हिणीत न्यायची? माझ्या आधीच्या एका गाडीचा (नाव नको) शॉकअप असाच उघडा होता. दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन लाल माती काढायचो. दुसऱ्या पावसाळ्यात सीलमधून तेल गळायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, 'घाट कमी करा.'

सोलो_स्वारी
सगळे दादालोक पंखांवर भांडताय, सीटवर कोणीच बोलत नाही. माझी उंची पाच फूट तीन. जुन्या ३९०वर एक पाय टेकला की दुसरा फुटरेस्टवरच राहायचा, आणि उतारावर गाडी मागे घ्यायची वेळ आली की कोणालातरी 'जरा ढकलता का' म्हणायचं. नवीची सीट ८०० मिमी. दोन्ही चवडे टेकले. आधीपेक्षा वीसेक मिलिमीटरच खाली असेल, पण सिग्नलला घाम फुटत नाही. वजन १६८ किलो, म्हणजे आधीपेक्षा थोडं कमीच. टाकी १५ लिटर, कोकणातून येताना पंप शोधायचा ताण कमी.

म्हणजे जो 'वाकडा' शॉकअप तुम्हाला खुपतोय, त्याच्यामुळे माझे पाय जमिनीला लागतात.

आणि निळी बघा. नारिंगीत सगळं अंगावर येतं, निळीत पंख दबतात.

पल्सरभक्त
२२० घ्या आणि झोपा.

घाटवेडा
सोलोताई, तुमच्या मुद्द्याला उत्तर नाही. मी पाच-दहा, मला सीट कधी दिसलीच नाही.

काल टेस्ट राइड घेतली (पिस्टनराव, खूश?). बसल्यावर पंख दिसतच नाहीत. गुडघे टाकीच्या खाचेत नीट बसतात, हँडल हाताला येतं, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) लोण्यासारखा. चांदणी चौकाच्या वळणावर तर नको तितकी हिंमत आली. परत येताना एका दुकानाच्या मोठ्या काचेसमोर थांबलो, काचेत गाडी दिसली आणि पुन्हा तेच. चालवताना माझी, उभी केली की दुसऱ्याची.

ओतकामसाहेब, एक विचारतो. ते पंख स्क्रूवरच असणार ना? काढून टाकले तर?

पिस्टनराव
वॉरंटी नावाची एक गोष्ट असते.

ओतकाम_चाकण
निघतील हो, प्लास्टिकच आहे. पण आत काय दिसेल ते ऐका. रेडिएटरच्या कडा, होजपाइप, टाकीचा वेल्डिंगचा जोड, वायरींची मोळी. प्रदूषणाचे बीएस-४ नियम आले तेव्हा पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर आला, बीएस-६ला सेन्सर वाढले, प्रत्येकाला वायर आणि क्लिप. २०१३च्या गाडीत हे एवढं नव्हतंच, म्हणून ती उघडी शोभायची. हिला उघडी केलीत तर मागचं झाकण काढलेल्या टीव्हीसारखी दिसेल.

घाटवेडा
म्हणजे लपवण्यासारखं आत आहे, हे तुम्हीच कबूल केलंत. मग नेकेड नाव बदला, बाकी तक्रार नाही.

सोलो_स्वारी
नाव बदलेपर्यंत निळीचं बुकिंग मी केलंय. साडीगार्ड काढून ठेवता येईल का, ते सांगा कोणीतरी.