'संप' म्हणजे काम बंद की एकी?

प्रश्न : संप म्हणजे काम बंद, असंच आपण धरून चालतो. मग शेतकऱ्याचा संप कसा? तो कुणाच्या नोकरीत नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले, तेव्हा आमच्या घरी यावरून वाद झाला. वडील म्हणाले, हा शब्दच चुकलाय.

उत्तर : शब्द चुकलेला नाही. 'संप' म्हणजे मुळात एकी. गुजरातीत आजही तोच अर्थ चालतो. 'संप त्यां जंप', एकी तिथे शांती. मराठीत सगळ्यांनी मिळून काम सोडण्याला हे नाव पडलं आणि एकी मागे राहिली. पण पुरती गेली नाही. आपण 'संप फुटला', 'संप फोडला' म्हणतो ना? फुटते ती एकीच.

शेतकऱ्यांचा संपही जुनाच. अलिबाग तालुक्यातल्या चरीत २७ ऑक्टोबर १९३३ ला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं, कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांनी, ठरवलं की खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. कूळ नोकर नव्हतं, खरंय. पण राबायचं कुळानं आणि खळ्यावरून भात उचलायचा खोतानं, वर वेठ वेगळी. अडवून धरायला कुळाच्या हातात स्वतःच्या कष्टांखेरीज काय होतं?

त्यात हा खारेपाट, खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन. इथे बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर भरतीचं पाणी शेतात शिरतं, जमीन खारते. शेत ओस टाकणं किती जिवावर येत असेल! लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले. चार घरांनी गुपचूप नांगर धरला असता तर सगळंच कोसळलं असतं. सहा वर्षं टिकला तो संप, १९३९ पर्यंत. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला आले होते. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९४८ च्या कूळकायद्याची वाट इथूनही जाते. म्हणून मला चरीचा संप दोन्ही अर्थांनी संप वाटतो.

प्रश्न : मग 'हरताळ' का नाही म्हणायचं?

उत्तर : हरताळ दुकानदारांचा, निषेध म्हणून बाजार बंद ठेवण्याचा. 'हरताळ फासणे' मधला हरताळ मात्र निराळा. तो पिवळा खनिज रंग, पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला लावत. पुणतांब्याच्या वेळी शहरांकडे जाणारं दूध-भाजीपाला रोखला होता. एकट्यादुकट्यानं ते जमत नाही, गावंच्या गावं लागतात. वडिलांना हे जरूर सांगा.