मदत हवी आहे: नवीन हायस्कूलचा नकाशा पक्का होण्याआधी पालकांचं म्हणणं कसं पोचवायचं?

अक्कलकोटरोड_पालक
नमस्कार. सोलापुरातल्या आमच्या भागात हायस्कूल मंजूर झालंय. नकाशा तयार आहे म्हणतात, पण कुणाला दाखवलेला नाही. पुढच्या आठवड्यात बैठक ठेवली आहे, सकाळी अकराला. त्या वेळेला इथल्या बायका वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात असतात आणि पुरुष यंत्रमागावर. मग येणार कोण? नेहमीची चार माणसं. आत्ताची शाळा आठवीपर्यंतच. पुढं हायवे ओलांडून मुलींना पाठवायला आया धजत नाहीत, म्हणून मुली घरी बसून विड्या वळतात. हायस्कूल त्यांच्यासाठीच आहे ना? अर्ज कुणाकडे करायचा, काय लिहायचं, लवकर सांगा.

जुळे_सोलापूर
शाळा कुणाची? संस्थेची, अनुदानित की सरकारी? जागा शहर हद्दीत की ग्रामपंचायतीत? हे न सांगता अर्ज कुणाकडे म्हणून विचारलं तर कोण काय सांगणार?

चौपाड
आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के राखीव जागांचा फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो. रहिवासी पुरावा, जन्मदाखला, एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. लॉटरी लागते.

अक्कलकोटरोड_पालक
प्रवेशाचं विचारत नाहीये ओ. इमारतीचं विचारतेय. शाळा सरकारी, जागा हद्दीच्या आत, अगदी कडेला.

निवृत्त_मुख्याध्यापिका
ताई, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. समितीच्या नावानं पत्र द्या, टाळता येणार नाही.

जुळे_सोलापूर
मॅडम, तो कायदा पहिली ते आठवीचा. नववी-दहावीला लागू होत नाही. आणि शाळाच उभी नाही तर समिती कुठून आणायची?

निवृत्त_मुख्याध्यापिका
माध्यमिकसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती असते, केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत आहे ती. नव्या शाळेला आज समिती नाही हे मान्य. पण आत्ताच्या आठवीपर्यंतच्या शाळेला तर आहे? नव्या शाळेत जाणारी मुलं तिथलीच. त्या समितीनं ठराव करून पाठवावा. एकट्या माणसाचा अर्ज आणि समितीचा ठराव यात फार फरक पडतो, माझी सगळी नोकरी हेच बघण्यात गेली.

काळीमाती (स्थापत्य)
समिती, ठराव नंतर. आधी सांगा, प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला आणि खर्चाला मंजुरी, झाली का? तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा-अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी? निविदा निघाली का? तांत्रिक मान्यतेआधी खोली इकडची तिकडं करणं कागदावरचं काम असतं. निविदा गेल्यावर तेच जादा बाब, म्हणजे कंत्राटाबाहेरचं वाढीव काम होतं आणि मग कुणी हात लावत नाही.

अक्कलकोटरोड_पालक
निविदा नाही निघाली, एवढं नक्की. बाकीचं माहीत नाही.

माहितीअधिकार_सोलापूर
माहिती अधिकार टाका. २००५ चा कायदा, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नकाशा, अंदाजपत्रक, माती परीक्षण अहवाल, सगळं मागा. फाईल प्रत्यक्ष बघायलाही मागता येते.

शेळगीकर
तीस दिवसांत बैठक होऊन निविदापण निघेल. आणि आल्या आल्या माहिती अधिकार टाकला की अभियंता तोंड उघडत नाही. आधी जाऊन बसा, नकाशा दाखवा म्हणा. नाही दाखवला तर मग अर्ज.

माहितीअधिकार_सोलापूर
जाऊन बसून कुणाचं भलं झालंय? कागदावर असलं पाहिजे.

काळीमाती (स्थापत्य)
दोन्ही करा, भांडू नका. तुमच्याकडं काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट नाही घेतला तर तीन वर्षांत भिंतीला तडे. पालकांनी रंग आणि खिडक्यांवर बोलण्याआधी माती परीक्षण विचारावं.

पत्रातालीम
पाया अभियंता बघेल की, त्याचा पगार त्याचाच आहे. उन्हाचं कोण बघणार? एप्रिलात सोलापूर ४२-४३ अंशांवर जातं. वर्गाच्या लांब भिंती उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा, पश्चिमेला खिडकी देऊ नका, दिलीच तर बाहेर व्हरांडा. वर पत्रे टाकायचं म्हणाले तर तिथंच नाही म्हणा. आणि आवारात कडुनिंब लावा, गुलमोहर नको, ऐन उन्हात त्याची सावली पातळ असते.

जुळे_सोलापूर
पाण्याचं काय? आमच्याकडं अजून पाच दिवसांनी येतं. उजनी धरणावरून येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं किती वर्षं ऐकत आलोय.

शेळगीकर
पाच दिवसांनी येतं म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडं कधी सहावा उजाडतो.

काळीमाती (स्थापत्य)
पाण्याचा मुद्दा नकाशातलाच आहे. दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात. ४०० मुलं म्हणजे रोजचे १८,००० लिटर. पाणी पाच दिवसांनी येत असेल तर ९०,००० लिटरची साठवण लागेल. नकाशात जमिनीतली टाकी केवढी दाखवली आहे ते पहिलं बघा. बऱ्याचदा गच्चीवर दोन काळ्या टाक्या दाखवून मोकळे होतात.

अक्कलकोटरोड_पालक
टाकीचं नोंदवलं, धन्यवाद. आमच्या मनात जास्त आहे ते स्वच्छतागृहाचं. आत्ताच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मुलांच्या मैदानाकडं उघडतं. आतून कडी नाही. पाण्याचं पिंप बाहेर, बादली घेऊन सगळ्यांसमोरून जावं लागतं. मोठ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत घरी राहतात. हे बैठकीत कोण बोलणार? चार पुरुषांसमोर आया तोंड उघडणार नाहीत, मुली तर नाहीच.

निवृत्त_मुख्याध्यापिका
म्हणून तर बैठकीची वाट बघू नका. विड्या देऊन बायका परत येतात, दुपारी घराघरांच्या ओट्यावर पानं कापत बसतात. तिथं जा, सूप मांडीवर असतं तेव्हा त्या मोकळ्या बोलतात. नकाशा आवडला का, असं विचारू नका. मुलगी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठं अडते ते विचारा. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका असतील तर त्यांच्यातलीच एखादी बरोबर घ्या. मी तेलुगू घरांत मराठीतून विचारत होते तेव्हा मान हलवण्यापलीकडं काही मिळायचं नाही.

चौपाड
सेमी इंग्लिश ठेवायला सांगा. इमारत कितीही चांगली बांधली तरी मराठी माध्यमाला पोरं येत नाहीत आता.

पत्रातालीम
इथं माध्यमाचा विषय नाहीये. वेगळा धागा काढा.

चौपाड
विषय कसा नाही? पोरंच आली नाहीत तर वर्ग किती बांधायचे हे कशावरून ठरवणार?

जुळे_सोलापूर
हे मात्र बरोबर आहे. आत्ताच्या शाळेत सातवी-आठवीला पट किती ते काढा. खोल्यांची संख्या त्यावरच ठरते.

कन्ना_चौक
एक उपाय सांगतो, आमच्या भागात समाजमंदिर बांधताना केला होता. नकाशा बायकांना वाचता येत नव्हता, आम्हाला तरी कुठं येतो. मोकळ्या मैदानात चुन्याच्या फक्कीनं तेवढ्याच मापाच्या खोल्या आखल्या. दार कुठं, संडास कुठं, नळ कुठं, सगळं. संध्याकाळी सगळ्यांना त्यात फिरायला लावलं. एका आजींनी उभं राहून दाखवलं की पायरी चढल्यावर वळायलाच जागा नाही. कागदावर ते कुणाला दिसलं नव्हतं.

काळीमाती (स्थापत्य)
फक्कीचं काम उत्तम. रॅम्पही आखा. उतार एकास बारा पाहिजे, म्हणजे जोतं (जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची) दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. नकाशात सहा फुटांत घुसवलेला असतो, त्यावरून चाकाची खुर्ची एकट्यानं चढत नाही. फक्की टाकली की फरक डोळ्यांना दिसतो. आणि मुख्य फाटक हायवेच्या बाजूला दाखवलं असेल तर तेही आखून दाखवा.

शेळगीकर
वाबळेवाडीची शाळा बघून या, शिरूर तालुक्यातली. जिल्हा परिषदेचीच आहे, गावानं हातभार लावून उभी केली.

माहितीअधिकार_सोलापूर
तिथं गाव एक होतं. इथं वस्तीत चार भाषा, चार पुढारी. अर्ज टाकाच.

अक्कलकोटरोड_पालक
सगळ्यांचे आभार. आज जाऊन विचारलं, तांत्रिक मान्यता अजून व्हायची आहे. नकाशा दाखवला, फोटो काढू दिला नाही, पण मापं वहीत उतरवून घेतली. फाटक हायवेच्याच बाजूला आहे, आणि मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला. रविवारी संध्याकाळी मैदानात फक्की टाकतोय. बायका काय म्हणतात ते लिहून घेऊन सोमवारी समितीपुढं ठराव ठेवणार. बैठकही संध्याकाळी सातला घ्या असं त्यातच मागणार.
ठरावात प्रत्येक मागणी वेगळी लिहायची की एकत्र?

निवृत्त_मुख्याध्यापिका
वेगवेगळी. एकत्र लिहिलं की एक नाकारताना सगळं नाकारतात. प्रत्येक मागणीखाली मुलींचं कारण एका ओळीत लिहा, सूचक आणि अनुमोदक दोन्ही आया असू द्या. ठरावाची पोच घ्यायची, तारखेच्या शिक्क्यासह.