‘द अल्केमिस्ट’ पुन्हा वाचताना स्फटिकाचा व्यापारीच का आठवत राहतो?

चाळिशीतला वाचक:
ब्राझीलचे लेखक पावलो कोएलो यांची ‘द अल्केमिस्ट’ ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना एका बैठकीत संपवली होती. स्पेनमधल्या आंदालुसियातला मेंढपाळ सांतियागो मेंढ्या विकून पिरॅमिडजवळच्या खजिन्यासाठी निघतो, हे मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटले होते. आता घराचे हप्ते आणि वडिलांचे आजारपण सांभाळत ती पुन्हा वाचली, तेव्हा मोरोक्कोतल्या तांजिएर शहरातला स्फटिकाच्या भांड्यांचा व्यापारीच मनात घर करून राहिला. मक्केला जाण्याचे स्वप्न त्याने आयुष्यभर उराशी जपले. मात्र ते पुरे झाले तर जगायला कारण उरणार नाही, या भीतीने तो दुकान सोडत नाही. लेखकाने त्याला भित्रा ठरवले आहे का, की माझे वयच बोलते आहे?

पानगळ:
भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. लुबाडल्या गेलेल्या, भुकेल्या सांतियागोला तो जेवू घालतो आणि कामावर ठेवतो. पुढे मुलाच्या सूचनेवरून रस्त्यावर काचेचे कपाट लागते, स्फटिकाच्या पेल्यांतून चहा विकला जातो आणि धंदा वाढतो, तरी हा माणूस पूर्वीपेक्षा अस्वस्थ होतो, कारण आपल्याला काय साधता आले असते हे त्याला आता कळलेले असते. मला हे पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक प्रकरण वाटते. (वाळवंटातली लांबलचक प्रवचने मी दुसऱ्या वाचनात सरळ ओलांडली.)

दीपमाळ:
‘स्वप्नांचा पाठलाग करा’ असे सांगत हे पुस्तक भेट देणारे एक गोष्ट विसरतात. सांतियागो पुढच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याला आफ्रिकेत येऊन अकरा महिने नऊ दिवस झालेले असतात आणि त्यातला बहुतेक काळ दुकानातल्या नोकरीत गेलेला असतो. साठ मेंढ्यांच्या जागी एकशेवीस घेता येतील एवढी पुंजी गाठीला बांधूनच तो कारवाँबरोबर जातो. तेव्हा हप्ते फेडणारा माणूस स्वप्नाच्या वाटेवर नाहीच, असे कशावरून?

जुनी पोथी:
माझा आक्षेप निराळा आहे. स्वप्नातल्या खजिन्यासाठी दूर जावे आणि तिथल्या माणसाच्या स्वप्नातून तो आपल्याच घरी असल्याचे कळावे, ही सांतियागोची गोष्ट मुळात फारसी सूफी कवी रूमीच्या ‘मसनवी’ या काव्यग्रंथात आहे, तिथला नायक बगदादचा असून वारसा उधळून कंगाल झालेला आहे. त्याला शहाणपण मिळते, पण सारे विश्व त्याच्या इच्छेसाठी झटत नाही. मनापासून इच्छा केली की सारे विश्व ती पुरी करायला मदत करते, ही भर कोएलो यांची. १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या पहिल्या प्रकाशकाने अवघ्या ९०० प्रती छापून हात टेकले होते आणि तरीही पुढे पुस्तक जगभर गेले, त्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास बसला असेल तर नवल नाही. परंतु ज्यांची पुस्तके त्या ९०० प्रतींवरच थांबली, त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

चाळिशीतला वाचक:
आपणा सर्वांचे म्हणणे वाचल्यानंतर व्यापारी आणि सांतियागो यांच्या निरोपाचा प्रसंग पुन्हा काढून पाहिला. आपण मक्केला जाणार नाही आणि मुलगाही मेंढ्या विकत घेणार नाही, हे व्यापारी त्याला शांतपणे सांगतो. सांतियागोच्या मनात त्या वेळी घरी परतून मेंढ्याच घ्यायचे असते. पहिल्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेतून पार निसटले होते.